माफी नव्हे

जवळ सरका, पोरांनो. दुकानाचं दार लावलंय, आता गिऱ्हाईक यायचं नाही.

माझ्याकडनं खिळे-दोरखंड नेणारा इद्वल तुम्हाला आठवतो ना? आपल्या या वेल्सच्या डोंगरात त्याच्याइतका सरळ माणूस नव्हता. जन्मात एकच थाप मारली, तीही कोर्टात. ‘कोठार पेटलं तेव्हा कॅराडॉगला पळताना पाहिलं,’ म्हणाला. कोठारात गडी जळून मेला होता. कॅराडॉग तुरुंगात गेला, तिथंच वारला.

गेल्या नोव्हेंबरात, अमावास्येच्या गुरुवारी, वरच्या कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली. अंधार पडल्यावर त्याची बायको नेस्टा इद्वलच्या दारात उभी.

“माझे गुडघे गेलेत रे. त्याच्या मधमाश्यांना तू सांगून ये. घरातली मोठी बातमी त्यांना कळवावी लागते.”

“मीच?”

“शेजारी ना तू? किल्लीनं पेटीवर तीनदा ठोकायचं. किल्ली तुझीच घे. तुरुंगाची कुलपं पाहिल्यापासून मी दाराला कुलूप लावत नाही. आणि ऐक, ‘माफी मिळाली’ म्हणशील तर याद राख! माफी गुन्हेगाराला असते. त्यानं काही केलंच नव्हतं, असं सांग.”

बागेत धुकं होतं. पेटीतून बारीक गुणगुण येत होती. इद्वलनं किल्लीनं तीनदा ठोकलं.

पण ‘केलंच नव्हतं’ म्हणायचं, तर मग पाहिलं कुणी होतं? जीभ रेटेना.

“कॅराडॉगला... माफी मिळाली.”

गुणगुण थांबली.

पानही हलेना.

मग... ठक. ठक. ठक.

आतून.

“शिक्षा... रद्द झाली,” इद्वल पुटपुटला.

ठक. ठक. ठक.

एकच वाक्य उरलं होतं. त्यानं तोंड उघडलं...

नाही आलं.

किल्ली हातातून सुटली. तो धावत सुटला. घराशी पोचला, तर दाराला कुलूप. रात्रभर स्वतःच्याच उंबऱ्यावर कुडकुडत बसला. कॅराडॉग कुलपाच्या आत अडकला होता, हा बाहेर, एवढाच काय तो फरक.

उजाडल्यावर गवत चाळून पाहिलं. किल्ली नाही. काठी टेकत आलेल्या नेस्टानं वरचा दगड बाजूला करून पेटीचं झाकण उचललं. तोवर तो दगड जागचा हललेला नव्हता.

“ही बघ तुझी किल्ली,” ती म्हणाली. “काढू?”

इद्वल मान खाली घालून निघून गेला, तो गावातूनच.

मी स्वतः जाऊन पाहिली. पोळ्याच्या लाकडी चौकटीच्या मधोमध, पांढऱ्या ताज्या मेणात गच्च बसलेली.

आणि थंडीत मधमाश्या मेण करत नाहीत, पोरांनो.