पहिली बाटली दारातल्या माणसाला

बाटली उघडली तेव्हा नुसतंच 'फुस्स' झालं, आणि दीपाला हसू आवरलं नाही. बाबा गेल्यापासून असं न ठरवता ती पहिल्यांदाच हसली होती.

"हसा, हसून घ्या," स्टीलच्या टाकीपाशी उकिडवा बसलेला तरुण म्हणाला. "पहाटची एसटी धरून नेरहून आलो. अन् सोडा हा असा... मेलेला!"

"मी सोड्याले नाही हसली. तुमच्या तोंडाले हसली."

त्यानं मान वर केली. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग घाईघाईनं हात पुसत उठला. "जयभीम. मी अश्वजित."

"जयभीम. दीपा, ढाणकीची. टाकी मी घ्याले आली, एवढं आधीच सांगून ठेवते."

उमरखेडचे मारोतराव आपला सोड्याचा कारखाना बंद करत होते. दोघांकडे बघून ते मिशीत हसले. "टाकी एक अन् गिऱ्हाईक दोन. तुमीच ठरवा बा," म्हणत ते सावलीला खाटेवर जाऊन टेकले.

दीपाचे वडील उकंडा हे ढाणकीच्या बाजारात गोटी सोडा विकायचे. घरी लोखंडाची फिरती चौकट होती. तिला सगळे पाळणा म्हणत. दोन बाटल्या त्यात अडकवायच्या, गॅस सोडायचा आणि मूठ फिरवायची. बाटली उलटी झाली की गोटी आपसूक तोंडाशी जाऊन बसे. बाबा थंडीत गेले, तसा पाळण्यावर कपडा पडला. आता उन्हाळ्यातल्या लग्नांचे निरोप येत होते. दोन-दोन बाटल्यांनी वरातीची तहान भागणार नव्हती. हा उन्हाळा हुकला तर बाबांच्या बाटल्या भंगारात जाणार आणि ती पुन्हा यवतमाळच्या नोकरीवर, हेही तिला ठाऊक होतं.

वाचायची सवय, म्हणून तिनं यंत्रांबद्दल मिळेल ते वाचलं होतं. आपोआप भरणाऱ्या मोठ्या यंत्राला वीज वेगळी घ्यावी लागे. एकदम पुष्कळ बाटल्या फिरवणारी चौकट घराच्या दारातून आत गेली नसती. पुष्कळ पाण्यात एकदम गॅस मिसळणारी ही टाकीच काय ती घरात मावणारी.

"टाकीच खराब दिसते," अश्वजित हताश होऊन म्हणाला. "तुम्हीच पाहा."

त्यानं बाटली तिच्या हातात दिली. बाटली कोमट होती.

"पाणी कुठलं भरलं?"

"गच्चीवरच्या टाकीचं. काहून?"

तिला बाबांची रीत आठवली. बाबा आदल्या रात्री रांजण भरत आणि त्याभोवती ओलं पोतं गुंडाळत. सकाळी प्रत्येक बाटली पाळण्यात घालण्याआधी गालाला लावून पाहत. तिला ते बाटलीचे लाड वाटायचे. गॅस थंड पाण्यातच थांबतो, हे तिनं पुढे पुस्तकात वाचलं. पण बाबांचा गाल आणि पुस्तकातलं ते वाक्य तिच्या मनात आजवर कधी शेजारी-शेजारी आलीच नव्हती.

आता नुसतं गप्प राहिलं की झालं. हा माणूस परतीची एसटी धरेल, टाकी तिची...

"टाकी चांगली आहे," ती म्हणाली. "पाणी तापलेलं आहे. बर्फ आणा."

बर्फ आला. पाणी थंड होईपर्यंत दोघं टाकीच्या दोन बाजूंना बसून राहिले. बोलता बोलता तिनं बाबांच्या पाळण्याबद्दल सांगितलं, आणि हेही, की ते दर दिवसाची पहिली बाटली दारात जो उभा असेल त्याला देत. ओळखीचा असो, नसो. पैसे घेत नसत.

"अन् आता?"

"आता... बाबा गेल्यावर पहिली बाटली भरलीच नाही."

त्यानं मान हलवली आणि बर्फाचा आणखी एक खडा पाण्यात सोडला. तिला ते बरं वाटलं.

पाणी गार झाल्यावर टाकीत गॅस सोडला, बाटली भरली. तिनं ती नकळत गालाला लावली. तो बघतोय हे कळलं तेव्हा गार बाटली लावूनही गाल तापला. अंगठ्यानं गोटी दाबली — टॉक! फेस दोघांच्या मनगटावर उडाला.

"आता तं मीच घेतो टाकी!" एक घोट घेऊन तो म्हणाला. मग हळूच, "काहून सांगितलं? चूप राह्यल्या असत्या तं..."

"तर दर बाटलीत तुमचं ते तोंड दिसलं असतं."

तो मोकळं हसला. "न्या टाकी. माझी शरबताची गाडी लहान आहे, दोन-दोन बाटल्या पुरतील. मले तुमच्या बाबांचा पाळणा द्या."

"नाही." ती फारच पटकन बोलली. "तो... द्यायचा नाही."

"गंजून जाईल न."

"ठाऊक आहे."

त्यानं उरलेला सोडा संपवला आणि रिकाम्या बाटलीतली गोटी खुळखुळवली. "मंग मीच येत जातो ढाणकीले. फिरवाले."

"नेरहून? जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून? एका पाळण्यासाठी?"

"पाळण्यासाठी कोण येऊन राह्यलं..." तो म्हणाला, आणि कान लाल करून मारोतरावांकडे बघू लागला. मारोतरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. घोरायचं सोंग मात्र त्यांना जमलं नाही.

दीपानं ओला हात ओढणीला पुसला. पाळण्यावरचा तो कपडा आता काढावा लागणार होता. मूठ फिरवावी लागणार होती.

"कधी याल?"

"तुम्ही म्हणाल तवा."

"रविवारी या. आदल्या रात्री रांजण भरून ठेवते." ती थांबली. "पण... आल्या आल्या आत येऊ नका."

"काहून?"

"दारात उभे राहा थोडं."