वर्षाला तीन मैल

नकाशा हा मानवी बुद्धीचा सर्वोच्च विजय आहे. ज्याच्या हाती नकाशा, तो या पृथ्वीवर हरवूच शकत नाही. हे वाक्य मी १९६१ च्या जानेवारीत दारव्ह्याच्या एका शाळेत उच्चारलं, टाळ्या घेतल्या, फटफटीला किक मारली आणि नेरला जायचं म्हणून निघून दिग्रसला पोचलो. दोन्ही गावं दारव्ह्यापासून एकमेकांकडे पाठ करून बसलेली आहेत.

मी शाळांना भिंतीवरचे नकाशे विकत असे. फटफटी लढाईतली, लिलावात घेतलेली. तिच्या टाकीवर चामड्याचा पट्टा होता आणि पट्ट्याखाली जिल्ह्याचा नकाशा, एका इंचाला चार मैल. हा कागद रस्त्यावर झिजत नाही, घडीवर झिजतो. आडवी घडी उभ्या घडीला भेटते तिथं आधी पांढरी रेघ पडते, मग चीर, मग भोक. माझं भोक दिग्रसच्या पुढे, पुसदच्या वाटेवर होतं. चिंचोक्याएवढं. त्यात एक नाला, एक फाटा आणि दोनेक खेडी कायमची गेली होती. खेड्यातल्या लोकांना याची कल्पना नव्हती.

दारव्ह्यात माझी फटफटी मोहिउद्दीन मिस्त्री बघायचा. तिचा खोकला तो वैद्यासारखा ऐकायचा. फेब्रुवारीत मी त्याच्या घरी तापानं आडवा झालो आणि महागावच्या शाळेचे नकाशे तसेच पडून राहिले.

"मीच जाऊन येतो न मास्तर," तो म्हणाला. "गाडीचं पोटही मोकळं होईन."

मी त्याला नकाशा दिला. त्यानं भोकातून माझ्याकडे एक डोळा लावून पाहिलं. "अन् हे काय जी?"

"तिथं आलास की नाकासमोर जा," मी म्हणालो. "पलीकडे निघशील."

त्याची बायको हमीदा काढा घेऊन आली होती. तीही हसली. विनोद बरा जमला होता.

तिसऱ्या दिवशी फटफटी सापडली. दिग्रसच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, नीट स्टँडवर. टाकीत पेट्रोल, मागं नकाशांचा गठ्ठा, टाकीवर माझा नकाशा उघडा आणि त्यावर उडू नये म्हणून दगड. माणूस तेवढा नव्हता.

बाजूच्या शेतातले रामराव म्हणाले, "भर दुपारची गोठ हाये. तो नकाशा पाहून राह्यला होता. मी इचारलं, कुठी जाता बावा? तं म्हणे, नाकासमोर. अन् हासला. मी बैलाले पाणी पाजून आलो, तं गाडी होती, तो नव्हता."

पोलिसांनी विहिरी पाहिल्या, नाला पाहिला. नाल्यात वाळू होती, वाळूवर पाऊल नव्हतं.

हमीदानं नकाशा मागितला. तिनं आयुष्यात नकाशा पाहिला नव्हता. दारव्हा कुठं, दिग्रस कुठं, हे मी दाखवलं. मग तिनं स्वतःच भोकात बोट घातलं.

"इथून गेले का?"

तिनं खुंटीवरचा त्याचा जुना सदरा काढला, पाठीचा चौकोनी तुकडा कापला, मैद्याची खळ शिजवली आणि नकाशाला मागून ठिगळ लावलं. "उघडं कायले ठेवता, भाईसाब," म्हणाली. "घरचा माणूस हाये."

दोन महिन्यांनी त्या ठिगळावर काळा ठिपका दिसला. मी शिकलेला माणूस आहे. मिस्त्रीचा सदरा, त्यात मुरलेलं तेल, एप्रिलचं ऊन. उघड होतं.

पावसाळ्यानंतर तो ठिपका रेघ झाला होता. तेही उघड होतं, तेल पसरतं. फक्त ते चहूकडे पसरायचं सोडून ठिगळावरून कागदावर उतरलं होतं आणि रस्त्यानं चाललं होतं. दारव्ह्याच्या दिशेनं. जिथं रस्ता वळत होता, तिथं वळत होतं.

मी शाळेची फूटपट्टी लावली. वर्षाला पाऊण इंच, म्हणजे तीन मैल. आपल्याकडच्या कुठल्याही कामाच्या मानानं हा वेग वाईट नाही. नाल्याशी रेघ दोन-दोन महिने थांबायची, पाणी ओसरलं की पुढे. मोहिउद्दीनला पोहता येत नव्हतं.

हे हमीदाला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. तिचा भाऊ जब्बार नेरला होता. तो तिला तिकडे न्यायला, दुसरं लग्न लावून द्यायला टपलेला होता आणि माणूस वाईट नव्हता. तेलाच्या डागावर बाईला बसवून ठेवणं हे पाप की पुण्य, ते मला ठरवता येईना. शेवटी नकाशाच तिच्यापुढे पसरला. तिनं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.

"किती राह्यलं?"

"अजून सोळा मैल."

"मंग येतीन," ती म्हणाली, आणि भावाला नकार कळवला.

१९६४ च्या डिसेंबरात मी टोकाच्या जागी जाऊन आलो. भर दुपारी, शुद्धीत. कापसाची वेचणी चालू होती, रस्ता रिकामा. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, तानाबाई नावाची म्हातारी पाण्याची घागर घेऊन बसली होती. मी पाणी प्यालो.

"आज दुसरे तुमी," ती म्हणाली. "सकाळी एक जण पेऊन गेला. दारव्हा किती दूर म्हणून इचारत होता. मी म्हटलं, बाप्पा, एवढ्या थंडीचा असा फाटक्यानं काहून फिरतं?"

"फाटक्यानं?"

"सदऱ्याच्या पाठीले भोक होतं न. असं चौकोनी. कातरीनं कापल्यावानी."

तो सदरा दारव्ह्यात खुंटीवर होता. मी सरळ दारव्ह्याला गेलो. होता.

हमीदानं सगळं ऐकून घेतलं. ती घाबरेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं खुंटीवरून सदरा काढला, सुई ओवली, पाठीला नवं कापड लावलं.

"थंडी वाजत असन," म्हणाली.

त्यानंतर मी कुणाला विचारत फिरलो नाही. दर वर्षी नकाशा तिच्याकडे घेऊन जायचो, ती बोट ठेवायची, मी मैल सांगायचो. मग मी निवृत्त झालो, गुडघे गेले, फटफटीची किक बसेना. नकाशा यवतमाळला माझ्या पेटीत राहिला. घडी घालून. एवढा अनुभव गाठीशी असून मी तो घडी घालून ठेवला, हे लिहायला मला आवडत नाही.

परवा हमीदाचं कार्ड आलं. जब्बार सोमवारी येतोय. या वेळी तिची तब्येतही बरी नाही, त्यामुळे नाही म्हणता येणार नाही. घराला कुलूप लागेल. 'रेघ कुठवर आली ते कळवा.'

मी पेटी उघडली.

रेघ दारव्ह्यापासून बोटभर अंतरावर होती.

तिथं दुसरी घडी होती. घडीवर नवी चीर पडली होती आणि रेघ चिरेच्या अलीकडे थांबली होती.

नुसती थांबली नव्हती. चिरेच्या काठानं ती इकडून तिकडे, तिकडून इकडे गेली होती. पुन्हा पुन्हा. कागद तिथं काळा पडला होता.

अगदी काठावर दोन अंगठ्यांचे ठसे होते. शेजारी शेजारी. ओणवं होऊन पलीकडे पाहणाऱ्याचे असावेत तसे.

मी हात जवळ नेला. कागद ऊबदार होता.

ठिगळ लावायला त्याचा सदरा माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी पुन्हा त्यालाच कापायचं माझ्यानं झालं नसतं. नाकासमोर जा, हे मी म्हणालो होतो. मी अंगातला सदरा काढला, पाठीतून पट्टी कापली, खळ शिजवली, चीर बुजवली आणि नकाशा खिडकीतल्या उन्हात वाळत ठेवला.

तासाभरानं माझ्या पट्टीवर काळा ठिपका होता.

आज रविवार आहे. हे लिहून झालं की मी दारव्ह्याला निघतोय. खळ अजून ओली आहे, घडी घातली तर पुन्हा चिरेल, म्हणून नकाशाची सैल गुंडाळी केली आहे. कागदाच्या मानानं ती बरीच जड लागते आणि तिला पेट्रोलचा वास येतो. सदरा बदलायचं मी मुद्दाम टाळलं.

तेव्हा एक बारीकशी विनंती. यवतमाळ-दारव्हा एस.टी.त पाठीला भोक असलेला सदरा घातलेला एक म्हातारा गुंडाळी धरून उभा दिसला, तर जरा सरकून बसा. जागा एकाचीच लागेल. दुसऱ्याला मी मांडीवर घेईन.