मेंदीच्या रातीचं फुस्स

चहा ओता, आणि हसू नका. मी लय थापा मारतो, पण ही थाप नाय. आमच्या दुम्यात शहरातल्या फर्निचर कारखान्यात मितवल्ली म्हणून पॉलिशवाला होता. माझा दोस्त.

"दोस्त, का तुम्ही स्वतःच?"

गप रे गाढवा. ऐक.

फेब्रुवारीची बारा तारीख, बुधवार. रातची ईशाची नमाज झाली आणि मितवल्ली जळक्या कारखान्याकडं निघाला. आग विझवायचा लाल सिलिंडर आणायला. सकाळी तपासणीचे साहेब यायचे होते. त्याआधी तो लपवायचा होता.

का? सांगतो. महिन्यामागं आमच्यातल्याच रिज्कच्या मेंदीच्या राती ह्यानंच त्या सिलिंडरची पिन उपटली, दांडी दाबली. फुस्स! नवरदेव म्हणजे पिठातला उंदीर. "घे, नवरीपेक्षा गोरा झालास!" सगळे लोळलो. मग ह्यानं गुपचूप पिन परत खोचली, सिलिंडर कारखान्यात जागेवर ठेवला. पण पावडर एकदा तोंडाशी अडकली की झडप नीट बसत नाय रे. आतली हवा निसटते, हळूहळू. दाबाचा काटा हिरव्यावरून लालवर येतो. मितवल्ली रोज समोरून जायचा. बघितलं नाय.

नऊ दिवसांमागं कारखान्यात पॉलिशचं थिनर पेटलं. राखणदार शहाताकाका तोच सिलिंडर घेऊन आत धावले. दाबला... काय नाय. परत दाबला...

ते आतच राहिले.

तर मितवल्ली आत शिरला. काळोख. ओली राख. कोपऱ्यातून आवाज.

थप... थप...

पावडर आत दगड होऊ नये म्हणून शहाताकाका सिलिंडर उलटा धरून बुडाला थापटायचे. तसाच.

"काका?"

थप.

"काका, मी केलं... मस्करीत..."

थांबलं.

...

तो पळाला. सिलिंडर तिथंच.

सकाळी साहेबांनी उचलला. काटा हिरव्यावर! दाबला, तर भिंत पांढरीफटक. "हा तर ठणठणीत आहे. म्हाताऱ्यालाच चालवता आला नाय," म्हणाले, आणि तसंच लिहायला बसले.

काकांची पोरगी समोर उभी. मितवल्ली गर्दीत मागं सरकला.

साहेबांनी सिलिंडरला बांधलेलं कार्ड उलटलं. दर तपासणीला राखणदारानं त्यावर अंगठा उठवायचा.

शेवटचा अंगठा कालच्या तारखेपुढं. शाई ओली.

पोरगी वाकली. "बाबांचाच आहे," म्हणाली. "हा बघा, करवतीचा वण."