सात पीळ

जेवणं उरकली आणि वीज गेली. सुनील मोबाईलचा दिवा लावायला गेला, तर देवराम अण्णा म्हणाले, "राहू दे रे. अंधारात बरं बसवतं." बाहेर वारा सुटला होता. सविताने आपटणारं दार ओढून घेतलं आणि कडीला अडकवायला काही सापडतंय का ते चाचपू लागली.

"दोरी बांध," अण्णा म्हणाले. "तार नको."

"तारेनं काय होतं, अण्णा?"

अण्णांनी शेजारची जागा थोपटली. मग म्हणाले, "बस इथं. सांगतो. ऐकीव नाही, माझ्या शेजारच्या माणसावर बेतलेलं आहे."

अण्णा सातपूरला राहायचे तेव्हाची गोष्ट. त्यांच्या घरासमोरच इसाक शेखचं घर. पत्र्याच्या शेडी उभारायचं त्याचं काम. तारीख अण्णांना पक्की आठवते. तीन जून दोन हजार वीस, बुधवार. लॉकडाउन नुकतं सैल झालं होतं, आणि निसर्ग वादळ किनाऱ्यावर धडकून रात्रीपर्यंत नाशकात येणार, असं टीव्हीवाले सकाळपासून ओरडत होते.

घाबरलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी टीव्हीसमोरून हलत नाही, कोणी नातेवाइकांना दहादा फोन लावतं. इसाकला हात रिकामे ठेवता यायचे नाहीत. पहाटे त्याने स्वतःच्या घराच्या पत्र्यांचे हुक आवळले आणि मग दिवसभर तो लोकांचे पत्रे आवळत हिंडला. पाच वाजता चहाला घरी आला, तोच रविराजचा फोन. गिरणारे गावाच्या पुढे त्याची द्राक्षबाग.

"इसाकचाचा, मजुरांच्या शेडचा पत्रा वाजतोय म्हणतात. सांगाडा तुमच्याच हातचा आहे. एवढं बघून या ना."

नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. पण निघताना अडलं ते दारापाशी. घराचं दार लोखंडी, आणि आतली कडी महिन्यापूर्वीच तुटलेली. लोकांची दारं बसवणाऱ्याच्या घरचं काम राहूनच जातं. दार उघडलं की वारा आत घुसतो आणि छप्पर खालून उचलतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? आत बायको मासूमा, बाळंतपणाला आलेली लेक तरन्नुम आणि तिची चाळीस दिवसांची आयत. त्याने बाहेरची कडी लावली, तिच्यातून लोखंडी तार ओवली आणि पकडीने सात पीळ दिले. सात हा त्याचा ठरलेला आकडा. सात पिळांची तार नुसत्या हाताने सुटत नाही.

मासूमा खिडकीच्या गजाआडून बघत होती. "बाहरसे बांध रहे? कुछ हुआ तो हम निकलेंगे कैसे?"

"निकलना नहीं है ना. बाहेर पत्रे उडतील. आठच्या आत येतो."

"और नहीं आए तो?"

"तीस साल हो गए, मासूमा. मेरा बांधा हुआ कभी खुला है?"

ती हसली नाही. तो पक्कड पिशवीत टाकून निघाला.

शेडवर पोचला तेव्हा साडेसहा वाजले होते. बागेत चिटपाखरू नव्हतं. शेडचं दार लोटलेलं, आत अंधार. मजूर कुठे आडोशाला गेले असतील, असं समजून त्याने शिडी लावली आणि वर चढला. पावसाच्या सरी आडव्या येत होत्या. द्राक्षांच्या मांडवातल्या तारा एका सुरात वाजत होत्या. चौदा हुक आवळून झाले. पंधराव्याला पाना लावला, आणि खालून आवाज आला.

खर्र... खर्र...

कोणी तरी पत्रा खरवडत होतं.

तो खाली उतरला. दारापाशी एक बाई उभी होती. पाठमोरी. दोन्ही हात कडीवर, बोटं भराभर चाललेली.

"बाई, आत कोण आहे?"

"पोर."

"थांबा. पक्कड देतो."

तिने मान वळवली नाही. बोटं थांबली नाहीत. त्याच्या बॅटरीच्या उजेडात तिच्या कोपरांवरून काही तरी ओघळत होतं. पाऊस असेल, असं त्याला वाटलं. पण पावसाला असा रंग नसतो.

"लय घट्ट केली ओ, चाचा तुमी," ती म्हणाली.

इसाकने पक्कड पुढे केली आणि कडी धरली.

कडीत तार नव्हती.

काहीच नव्हतं. त्याचा धक्का लागला तसं दार आत गेलं. शेड रिकामी होती. त्याने वळून पाहिलं. बाईचे हात अजून तिथेच होते, कडी होती तेवढ्याच उंचीवर. बोटं हवेत पीळ सोडवत होती. रक्त ठिबकत होतं...

तेवढ्यात वारा आला. उघड्या दारातून सरळ आत शिरला. छप्पर एकदा फुगलं. हुक गोळ्या सुटाव्यात तसे तुटले. तीन पत्रे एकदम वर गेले, हवेत उलटले आणि खाली आले. पहिल्याने शिडी मधोमध कापली. दुसरा इसाकच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला आणि मांडवाचा दगडी खांब आडवा करून थांबला. इसाक चिखलात पालथा पडला होता. कान बधिर झाले होते.

मान वर केली तेव्हा बाई नव्हती.

"चाचा! ओ चाचा!" बांधावरून कोणी तरी बॅटरी घेऊन पळत आलं. बागेचा राखणदार मंगळू, पेठकडचा. "तुमी हितं काय करता? आमी समदी दुपारीच शाळेत गेलो. मालकानं सांगितलं नाय का?"

"ती बाई... तिचं पोर..."

 मंगळूने बॅटरी खाली केली.

"कशी व्हती?" त्याने हळूच विचारलं.

इसाकने सांगितलं. मंगळूने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चिमणाबाई. बायको माझी."

इसाक चिखलातून उठून बसला.

"तुमाला कुनी बोललं नाय वाटतं. तीन वर्सं झाली. तुमी शेड पुरी केली, त्याच दिवशी ती तुमच्याकडं आली व्हती. कुत्री आत शिरत्यात, कडी लागत नाय, पोर झोळीत निजलंय. तुमी तार बांधून दिली आन् गेला. चार वाजता वारं आलं. ती बागेतनं पळत आली, हातानंच तार सोडवाया लागली. मी कोयता घिऊन आलो, तवर छप्पर वर गेलतं. झोळी छपरालाच व्हती."

"आणि ती?"

"खाली आलं ते तिच्यावर."

इसाकला आठवलं. बाई आठवली नाही. पीळ आठवले. हसत हसत दिलेले सात.

"राग नाय तुमच्यावर," मंगळू म्हणाला. "तुमी चांगल्यासाठीच बांधली."

इसाकने हातातल्या पकडीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. पावणेआठ.

फोन लागला. मासूमाने उचलला. "अजी, छत हिल रही..." पुढे पत्र्यांचा आवाज. मग काहीच नाही. पुन्हा लावला. लागलाच नाही.

त्याने मोटारसायकल कशी चालवली ते त्यालाच ठाऊक. गंगापूर रोडला झाडं पडली होती. खांब वाकले होते. एका ठिकाणी तुटलेली वीजवाहिनी पाण्यात फडफडत होती. तो तिच्यावरून गेला. पुढे फांदी छातीवर बसली, पडला, उठला. तोंडाने एकच चाललं होतं, या अल्लाह, कोई खोल दे. कोई भी खोल दे.

गल्लीत शिरला तेव्हा नऊला दहा कमी होते. त्याच्या घराला छप्पर नव्हतं. एक भिंत आत कोसळली होती. लोखंडी अँगल पलंगावर उभा रुतला होता. जिथे आयत निजायची, तिथे.

दार उघडं होतं.

"इसाकभाई, इकडे!" ही हाक अण्णांची. अण्णांच्या घराला स्लॅब होता. आत मासूमा भिंतीला टेकून बसली होती. तरन्नुम शेजारी. आयत तिच्या मांडीवर, झोपलेली.

इसाक उंबऱ्यातच बसला. 

"तार कोणी सोडवली?" त्याने विचारलं.

"तुम्हीच ना," मासूमा म्हणाली. "किती वेळ खरवडत होता. हाका मारल्या, ओ दिली नाहीत. मग दार उघडलं. आम्ही बाहेर पडलो आणि मागे सगळं..."

"बाहेर कोण होतं?"

मासूमाने तरन्नुमकडे पाहिलं. तरन्नुमने मान हलवली. कोणीच नव्हतं.

"मी सोडवली नाही," अण्णा म्हणाले. "माझं दार वाजलं तेव्हा उघडलं, तर या तिघी."

इसाक उठला. आधी त्याने मासूमाचे हात उलटून पाहिले. मग तरन्नुमचे. मग अण्णांचे. कोणाच्या बोटाला ओरखडासुद्धा नव्हता. अण्णांची बॅटरी घेऊन तो रस्ता ओलांडून दाराशी गेला. अण्णा मागोमाग गेले.

तार कडीतच लोंबत होती. तोडलेली नव्हती. पीळ एकेक करून उलटे फिरवलेले होते, सातही. हात लावला तर बोटं लाल झाली.

आणि शेवटच्या वळणात एक नख अडकलं होतं. बाईचं. मुळासकट निघालेलं.