सात नंबरची खिडकी

मुलांनो, आधी आपली मूठ वळा. आता ती छातीवर, जराशी डावीकडे धरा. तुमचं हृदय साधारण एवढंच असतं. आता डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकच्या पोशाखात आहात. दोन हजार एकवीसचा मे महिना आहे. चष्म्यावर वाफ धरली आहे, घाम पाठीवरून ओघळतो आहे, पण पुसायची सोय नाही. समोर सोळा खाटा, सोळा माणसं. प्रत्येकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. चेहरा कुणाचाच धड दिसत नाही.

दिसतंय का? मग चला. जोगेश्वरीतल्या एका रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर, करोनाच्या वॉर्डात, दर्शना रोज अशीच जायची. तिच्याकडे चाकांचं एक यंत्र होतं. लेण्यात हाक मारली की ती दगडावर आपटून परत येते ना? हे यंत्र छातीत तसाच आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा. तो परत आला की पडद्यावर धडधडणारं हृदय उमटतं. या तपासणीला म्हणतात इको.

गुरुवारी सकाळी साडेअकराला तिचा फोन वाजला. डॉक्टर इरावती होत्या.

"दर्शना, यंत्र घेऊन वर ये. सात नंबरच्या नाकातून रक्त थांबत नाहीये."

सात नंबरची खाट खिडकीपाशी होती. तिच्यावर शिवदास गायकवाड. टपालखात्यातून निवृत्त झालेले, मूळचे जालन्याकडचे. नाकात कापूस कोंबलेला, तरी त्यांनी हात जोडले.

"जय भीम, ताई. उगाच त्रास तुम्हाला."

"रक्त कशानं आलं, मॅडम?" दर्शनानं विचारलं.

"माझ्याच औषधानं," इरावती म्हणाल्या. "सोमवारपासून रक्त पातळ करतेय. करणार काय? रिपोर्ट बघ ना."

रिपोर्ट भयंकर होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात झिरपतो. रक्तात गुठळ्या झाल्या की त्यांच्या चुऱ्यानं डी-डायमरचा आकडा चढतो. शिवदासांचे दोन्ही आकडे चढलेले होते. सोमवारी चढलेले, बुधवारी आणखी.

दर्शनानं नेहमीप्रमाणे मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं आणि छातीवर यंत्र टेकवलं. चारी कप्पे छान. झडपा छान.

"ताई, दिसतं का काही?" शिवदासांनी विचारलं. "मला तर तुम्हीच धुक्यात दिसता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन लॉकडाऊनमध्ये राहून गेलं."

"मॅडम, हे हृदय ठणठणीत आहे."

"मग काय, रक्त खोटं बोलतंय?"

दर्शना यंत्राची वायर गुंडाळायला वळली. खिडकीच्या काचेवर आतून धूळ बसली होती. मधोमध मात्र ताटलीएवढी जागा लख्ख पुसलेली होती.

तेवढ्यात आठ नंबरवरचे गुणाजी परब खोकले. पंचाहत्तरीचे, गिरणीत आयुष्य गेलेलं. उजव्या हाताची तर्जनी मागात सापडून अर्धी झालेली. त्यांचे ओठ काल होते त्यापेक्षा निळे दिसत होते.

दर्शना त्यांच्याकडे वळली.

मंगळवारी तिनं गुणाजींचा इको केला होता. हृदयाचा उजवा कप्पा सुजून फुगला होता. पण त्यांचं रक्त अगदी स्वच्छ होतं. तेव्हा इरावती म्हणाल्या होत्या, "कापसाची धूळ आणि विडी. फुप्फुसं जुनी खराब असणार, म्हणून हृदय फुगलंय. आजचं दुखणं नाही ते." आणि दर्शनानं रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'जुनाट'. त्या कप्प्याची भिंत तिनं मोजली होती. चार मिलिमीटर, म्हणजे पातळच. तो आकडा तिला खटकला होता. पण आणखी नऊ जणांचे इको बाकी होते.

एकाचं रक्त ओरडत होतं आणि हृदय गप्प. शेजारच्याचं हृदय ओरडत होतं आणि रक्त गप्प. आता तुम्हीच सांगा, पहिली शंका कुणावर घ्याल?

दर्शनानं घेतली ती प्रेमावर. प्रेमा खारदांड्याची. बावीस वर्षं तपासणीसाठी रक्त काढणारी, तोंडानं फटकळ. ती प्रयोगशाळेच्या दाराशी चहा पीत होती.

"सात आणि आठच्या नळ्या बदलल्यात, प्रेमा?"

"वा गं वा! इकोवाली आता पोलीस झाली काय?"

"सांग ना. नळीवर नाव कधी चिकटवतेस?"

"आदल्या संध्याकाळी. खाट नंबर आणि नाव. सकाळी साडेसहाला खाटेखाटेनं जाते. सातचं काढते, नळी ट्रेमध्ये ठेवते, मगच आठकडे वळते. एकाच वेळी दोन नळ्या हातात धरत नाही मी."

"सोमवारीही असंच? बुधवारीही?"

"अगं, हात चुकला तर एकदा चुकेल. दोन्ही वेळा सारखाच कसा चुकेल?"

हे दर्शनाला पटलं. पटलं म्हणूनच ती जास्त घाबरली.

"साडेसहाला वॉर्डात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. सिस्टर लोकांची पाळी बदलत असते."

"सातवरचे आजोबा आठवतात?"

"चेहरा कुठला आठवायला? हात आठवतो. झकास शीर, पहिल्या फटक्यात सापडते. बिचाऱ्यांचं एक बोट अर्धं आहे."

दर्शनानं आपली उजवी तर्जनी मुडपून पाहिली.

"काय झालं गं?"

"तू नाव विचारलं नाहीस, प्रेमा?"

प्रेमानं कप खाली ठेवला. "नाव विचारलं की माणूस मास्क खाली ओढून सांगतो. तोंडावर येतो श्वास. घरी सासूबाई आहेत माझ्या, ऐंशीच्या. मार्चपासून मी नाव विचारणं सोडलं."

"आणि मनगटावरची पट्टी?"

"चष्म्यावर वाफ असते..." मग ती उठली. "चल. नाव विचारून पुन्हा काढते. आत्ता."

तासाभरात नवे आकडे आले. शिवदासांचं रक्त स्वच्छ. गुणाजींचे दोन्ही आकडे आभाळाला टेकलेले. इरावतींनी एकाचं औषध बंद केलं, दुसऱ्याचं सुरू केलं, आणि अतिदक्षता विभागात खाट मागितली. ती रिकामी होईपर्यंत तिघी त्या दोन खाटांपाशीच थांबल्या.

"आता नीट सांग," इरावती म्हणाल्या.

"नळ्या बदलल्याच नव्हत्या, मॅडम. माणसं बदलली होती. रोज साडेसहाला गुणाजी सातवर यायचे आणि शिवदास आठवर जायचे, खाट रिकामी दिसू नये म्हणून. प्रेमा खाटेचा नंबर बघून रक्त काढायची. माझा इको त्यानंतर, पट्टीवरचं नाव वाचून. तोवर दोघं आपापल्या जागी परतलेले असायचे."

"पण कशासाठी?"

"काच बघा. रोज कुणीतरी पुसतंय. ज्यांची खिडकी आहे त्यांना तर मी हातभरावरून धूसर दिसते. मग खिडकी हवी कुणाला?"

गुणाजींनी अर्ध्या बोटाच्या हातानं डोळे झाकून घेतले.

"माजी नात," ते मास्कमधून म्हणाले. "श्रुतिका. समोरच्या बिल्डिंगीच्या गच्चीर उभी ऱ्हवता, शाळा मोबाइलर सुरू होवच्या आदी. माका बघल्याशिवाय खाणा नाय ती. माका लाज वाटता गो. ह्या माणसाचा रगात माज्यामुळे गेला."

"खिडकी मीच देऊ केली होती, दादा," शिवदास म्हणाले. "मला खिडकी काय नि भिंत काय, सारखीच. सुई टोचली तेव्हा मीही गप्पच राहिलो. वाटलं, रक्त रक्तच की."

"म्हणजे दोष..." इरावती बोलता बोलता थांबल्या.

"माझा," प्रेमा म्हणाली.

"नाही," दर्शना म्हणाली. "तू वाफेमुळे पाहिलं नाहीस. मी तर पाहिलं होतं. हमालाचे दंड बघा, वर्षानुवर्षं ओझं वाहून जाड होतात. हृदयाचंही तसंच. दुखणं जुनं असतं तर त्या कप्प्याची भिंत जाड झाली असती. ती पातळ होती. ओझं नवीन होतं, फुप्फुसात अडकलेल्या गुठळीचं. मंगळवारीच ते माझ्या पडद्यावर होतं. तरी रक्ताशी जुळावं म्हणून मी 'जुनाट' लिहिलं."

"लिहायला मी सांगितलं," इरावती हळूच म्हणाल्या.

"मोजलं मी होतं, मॅडम."

तिनं फाइल उघडली, 'जुनाट' या शब्दावर आडवी रेघ मारली, शेजारी 'नवे' लिहिलं आणि खाली सही केली, तारीख घातली. खोडलेला शब्द वाचता येईल एवढीच बारीक रेघ मारली तिनं.

गुणाजींना हलवताना त्यांचा फोन खाटेवरच राहिला. संध्याकाळपर्यंत तो सहा वेळा वाजला. "नातीक सांगू नका" म्हणाले होते ते. सातव्यांदा वाजला तेव्हा दर्शनानं उचलला.

"आजोबा?"

"मी दर्शनाताई, हॉस्पिटलमधली. आजोबांना दुसऱ्या खोलीत नेलंय. जास्त काळजी घ्यायला."

"का?"

खोटं एक तिनं मंगळवारी लिहिलं होतं. दुसरं तिला बोलवेना. दहा वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत तिनं सगळं सांगितलं.



"मीच म्हटलं होतं, खिडकीत दिसला नाहीस तर जेवणार नाही," श्रुतिका म्हणाली. "माझ्यामुळे ना?"

"नाही गं. तुझी माया होती ती. चुका मोठ्यांच्या आहेत, त्यातली सगळ्यात मोठी माझी. आजोबांना औषध लागू पडतंय. मघापेक्षा धाप कमी झालीय."

"आणि ते दुसरे आजोबा? त्यांचं रक्त थांबलं?"

"थांबलं."

"मी हात करायची तेव्हा तेही बघायचे?"

"त्यांना लांबचं दिसत नाही बाळा. रंगाचा मोठा डाग तेवढा कळतो."

"किती मोठा?" तिनं विचारलं, आणि उत्तराआधीच फोन ठेवला.

शुक्रवारी साडेसहाला दर्शना वॉर्डात होती. प्रेमा प्रत्येक खाटेपाशी वाकून मनगटावरची पट्टी वाचत होती. वाफ आली की थांबायची आणि पुन्हा वाचायची.

"ताई," शिवदास खिडकीकडे बघत एकदम म्हणाले, "ते लाल काय आहे हो?"

समोरच्या गच्चीत श्रुतिका घरातली सगळ्यात मोठी लाल चादर घेऊन आली होती. तिचं एक टोक तिनं पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलं, दुसरं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. शिवदासांनी हात हलवला. मग श्रुतिका ते टोक वाऱ्यात वरखाली हलवत राहिली, हात भरून आले तरी.