अरोधाचं विरजण

विजेच्या तारा पूर्वी तापायच्या, हे आता शाळेतल्या पोरांना सांगूनही खरं वाटत नसे. अरोध आला आणि विजेची वाट मोकळी झाली. अरोध म्हणजे असा स्फटिक, की ज्यातून वीज काहीही न गमावता आरपार जाते, तीसुद्धा साध्या खोलीतल्या हवेत, बर्फाबिर्फाचे चोचले न पुरवता. गाड्या त्यावर धावत, रुग्णालयं त्यावर चालत, आणि आबा राजाध्यक्षांच्या छातीतला पंपही त्याच्याच जोरावर चालला होता.

हा स्फटिक पहिल्यांदा बनवला तो आबांच्या लेकीनं, विद्यापीठात घनपदार्थांचं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. हेमांगीनं. कुठंही अरोधाची नवी भट्टी उभी राहिली की नारळ फुटायचा आणि हेमांगी आपल्या बरणीतल्या मूळ स्फटिकाची चिमूट तिच्यात टाकायची. त्याशिवाय स्फटिक नीट धरत नाही, असं सगळ्यांचं मत. या चिमटीला सगळे विरजणच म्हणत. बोलावणं आलं नाही ते फक्त वाईला स्वतःची भट्टी लावणाऱ्या डॉ. कानिटकरांचं. शोध आपला, तो या बाईनं पळवला, असं ते चारचौघांत सांगत. हेमांगी हसण्यावारी नेई.

मग भट्ट्या नासू लागल्या. तोच माल, तीच आच, पण बाहेर पडे राखाडी खडा. वीज त्यात शिरायलाच तयार नाही. भट्टी नासली की लोक हेमांगीला बोलावत. ती बरणी घेऊन धावत जाई, ताजं विरजण टाकी, आणि लवकरच शेजारची भट्टीही नासे. इकडे आबांच्या पंपातला स्फटिक झिजत आला होता, आणि बदलायला दुसरा कुठं मिळेना.

एका सकाळी कानिटकरांचा फोन आला.

“माझी भट्टी ठणठणीत आहे, हेमांगीबाई.”

“काय सांगता! काय वेगळं करता तुम्ही?”

“काही नाही. तुम्ही इथं कधी आला नाहीत, एवढंच.”

हेमांगीनं फोन ठेवला. तिनं बरणीतली चिमूट क्ष-किरणांखाली धरली. डोळ्यांना पूड पूर्वीसारखीच दिसत होती, आतली रचना मात्र पार पालटली होती. ही बरणी तपासावी, असं इतक्या वर्षांत एकाही विद्वानाच्या मनात आलं नव्हतं. देव्हाऱ्यातला देव कोण तपासतं?

ती तशीच धावत घरी आली.

“अगं, झालं काय?” आबा घाबरले.

“आबा, अणू तेच, बसण्याची तऱ्हा वेगळी. कोळसा आणि हिरा, दोन्ही कार्बनच ना, तसं. ही नवी तऱ्हा जास्त पक्की आहे. तिचा एक कण पडला की बाकीचे अणू तिच्याच मागे जातात. दुधात दही पडल्यासारखं. आणि दह्याचं परत दूध होत नाही.”

“मग भांडी घासा की चांगली.”

“भांडं मीच आहे, आबा! माझ्या केसांत, कपड्यांत, चपलांत ते कण आहेत. मी जिथं जिथं गेले, तिथं तिथं...” तिला हुंदका आवरेना. “सगळं मीच नासवलं.”

कानिटकर स्फटिक द्यायला तयार होते. पण तो पंपात बसवताना उघडा असतो, तेव्हा एक कण लागला तरी नासणार, आणि जन्मभर अधूनमधून बदलावा लागतो. म्हणून त्यांनी अटी घातल्या: आबांनी केस भादरून, अंगावरचा धागान्‌धागा टाकून वाईला यायचं आणि तिथंच राहायचं. हेमांगीनं त्यांच्याजवळ जायचं नाही आणि यापुढे कुठल्याही प्रयोगशाळेची पायरी चढायची नाही.

“मी नाही जात,” आबा म्हणाले. “लेकीला सोडून नुसता पंप चालवत बसू होय?”

“जायचं,” हेमांगी म्हणाली. तिनं कानिटकरांना होकार कळवूनही टाकला होता.

वाईची गाडी दाराशी आली. न्हाऊन, गोटा करून, कागदी कपडे चढवून आबा बाहेर आले. हेमांगी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा, ही त्यांची जन्माची सवय. ते सवयीनं हात उचलून तिच्याकडे वळले.

“मागं व्हा!” ती किंचाळली. “हात लावू नका मला!”

आबा जागीच थबकले. एवढ्या वर्षांत ती त्यांच्यावर कधी आवाज चढवून बोललीसुद्धा नव्हती. उचललेला हात कुठं ठेवावा, हे त्यांना कळेना. मग त्याला त्यांनी दुसरा हात जोडला, आणि परक्या बाईला करावा तसा तिला लांबूनच नमस्कार केला.