चार हजार कंदिलांचं जहाज

इफ्तारची तोफ झाली सहा चाळीसला. सहा बेचाळीसला लमिया किंचाळली, "आपला ताफा गेला!"

जलीलाच्या तोंडात दिवसाचा पहिला खजूर होता. ती त्यांच्या गेमिंग लीगची पंच. खजूर गालात सारून ती स्क्रीनकडे धावली. अंतराळातल्या दोनशे बारा युद्धनौका, तीन वर्षांची मेहनत, राख. उडवणारं जहाज एकच, तेही मालवाहू. जहाजाचे मालक ताहेरकाका. हा गेमिंग कॅफेही त्यांचाच, पण माऊस ते अजून उलटाच धरायचे.

"मी शटर ओढत होतो गं," काका म्हणाले. "साखळी तुटून हातात आली, तुम्हीच बघितलंत ना!"

बघितलं होतं खरं. शटर खाली, साखळी काकांच्या हातात, पाचही जण आत अडकलेले. कुलूपवाल्याला फोन केला तर म्हणाला, शोरबा दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय मी उठत नाही. अख्खं स्फाक्स शहर जेवत होतं. इथे नळाला दुपारपासून पाणी नव्हतं, आणि यांच्या शोरब्याचं पातेलं बाहेर पायरीवर राहिलं होतं. वास तेवढा फटीतून आत येत होता.

लमियानं रदवानकडे बोट रोखलं. "याच्या मॉडचीच करामत! हाकला याला लीगमधून. याची सगळी मॉड बंद करा."

रदवान पांढराफटक पडला. सात वर्षं गेममध्ये असले फेरबदल करण्यापलीकडे त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं.

"रमजानचे कंदील तू कशातून बनवलेस?" जलीलानं विचारलं.

"जहाजाच्या तोफेची फाइल घेतली, ताई. मारा शून्य केला. नुसता उजेड पडतो. गटात सगळ्यांना सांगितलं होतं."

"काका, तुम्ही जहाजावर किती टांगलेत?"

"चार हजार," काका लाजून म्हणाले. "शोभा येते."

"तोफ झाली तेव्हा कोण कुठे होतं?"

"मी खजूर वाटत होते," लमिया म्हणाली. "रदवान ग्लास मांडत होता. आणि तू पहिला हात पुढे केलास."

"जुहैर?"

जुहैर ताफ्याचा ॲडमिरल. त्यानं खोल उसासा टाकला. "वुजू करत होतो. हातपाय धुऊन येतो तर सगळं संपलेलं."

जलीलानं खजूर गिळला. बी काउंटरवर ठेवली.

"समोर माणूस खेळत असेल तर कंदील हा कंदीलच. पण तोफ झाली की आपण सगळे ताफा ऑटोवर, म्हणजे गेमच्याच हवाली, टाकून खजुराकडे पळतो. ऑटो लढाईत गेम मारा बघत नाही, तोफा मोजतो. कंदील धरून काकांच्या चार हजार, आपल्या बाराशे. हल्ला सुटला सहा एक्केचाळीसला, काउंटरवरच्या काकांच्या कॉम्प्युटरवरून. तो सदा उघडाच असतो. तरी आपला ताफा पळाला असता. 'हरतोय तर माघार' हा हुकूम कायमचा होता. सहा पस्तीसला कुणीतरी तो बदलला. जुहैरच्या जागेवरून."

"माझ्या जागेवर कुणीही बसतं!"

"बसतं. पण तू हातपाय धुतलेस कशानं? नळ कोरडा आहे."

जुहैरनं कोरडे हात खिशात घातले. बाहेर कुणाच्या तरी घरात चमचे वाजत होते.

"ॲडमिरलपद नकोय तर राजीनामा द्यायचास!" लमिया ओरडली.

"तीनदा दिला! तीनदा टाळ्या वाजवून परत निवडलंत. बहिणीच्या लग्नात मी हॉलच्या संडासातून स्वारी चालवली. एका फोटोत मी नाही. नवरदेव तिला अजून विचारतो, तुला भाऊ आहे का?"

"आणि मला घालवणार होतास?" रदवाननं हळूच विचारलं.

"तू सुटलास तर मला आनंदच झाला असता," जुहैर म्हणाला. "लीगमधून सुटणं म्हणतोय मी."

जलीलानं निकाल दिला. "रदवान निर्दोष. आणि दगा देऊन ताफा घालवणाऱ्यानं तो एकट्यानं पुन्हा उभा करायचा. नियम तूच केलास, जुहैर."

"किती दिवस लागतील, बाळा?" काकांनी काळजीनं विचारलं.

"एकट्याला? नऊ वर्षं."

लमियानं त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

"बसा, ॲडमिरल."